‘तू’ आणि ‘तो’ : मराठी ख्रिस्ती काव्यातील नैराश्याची भाषा

मराठीतील ख्रिस्ती काव्यासंबंधी जे समीक्षालेखन झाले आहे, त्यात दोन प्रश्न पुनःपुन्हा विचारले गेलेले दिसतात. हे काव्य मराठी कितपत, हा एक. आणि ते ख्रिस्ती कितपत, हा दुसरा. दोन्ही प्रश्न वस्तुतः सीमारेषेवरील जकातीचे आहेत. भाषेच्या अभ्यासकाला त्याहून निराळा, काहीसा रुक्ष वाटणारा प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याने आपला कुलधर्म सोडला, त्याच्या मनात संशय उठतो, धीर सुटतो, तेव्हा तो व्याकरणातील कोणत्या पुरुषात बोलतो? देवाशी बोलतो की देवाविषयी बोलतो? ‘तू’ म्हणतो की ‘तो’?

हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्या ‘अभंगांजली’पुढे ठेवून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. इतरांचा उल्लेख येईल, परंतु तो टिळकांकडे जाण्याच्या वाटेवरचा.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. गोव्यातील साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापून निघाले. त्याची ओवीसंख्या अकरा हजारांच्या घरात आहे. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे सुटली होती. ती पोकळी भरून काढावी, हा त्यामागील उद्देश. मुंबईच्या साष्टीत, म्हणजे आपले कांजूरमार्ग ज्या बेटाच्या पूर्व कडेला वसले आहे त्या प्रदेशात आणि पलीकडे वसईत, जी मराठी ख्रिस्ती घराण्यांच्या तोंडी होती तिच्याशी जवळीक असलेल्या भाषेत फ्रान्सिस्को व्हाझ द गिमराइन्श यांनी प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण रचले. ते 1659 साली लिस्बन येथे छापले गेले. नावे सारखी असल्यामुळे या दोन साष्ट्यांची गल्लत विद्यार्थ्यांकडून नेहमी होते, म्हणून हा खुलासा. दोन्ही पुराणे आख्यानरूप आहेत. आख्यानात निराशा असते, पण ती पात्रांची असते: गुरूला तीन वेळा नाकारून रडणाऱ्या पेत्राची, तीस नाणी परत फेकणाऱ्या यहूदाची, क्रूसाजवळ उभ्या राहिलेल्या मातेची. कवी स्वतः संशयात नाही. तो शिकवणारा आहे आणि श्रोता शिकणारा. सर्व काही तृतीय पुरुषात घडते, आणि कथेचा शेवट दोघांनाही आधीपासून ठाऊक असतो.

टिळकांची गोष्ट वेगळी आहे. कोकणातील करजगावी चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेला हा मनुष्य 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्याच्या हाती नवा करार दिला, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यामधील काळ किती झगड्याचा असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. पुढे पत्नीचा काही वर्षांचा वियोग, नातलगांचा बहिष्कार, आणि उत्तरायुष्यात मिशनच्या पाश्चात्त्य वळणाविषयी वाढत गेलेले असमाधान, इतके की 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नावाने नवा भक्तिसंघ उभारण्याचा उद्योग आरंभिला. मराठी कवींत आध्यात्मिक संघर्षाची इतकी सामग्री फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल. मग ती सामग्री त्यांच्या अभंगांत किती उतरली?

उतरली ती तळमळ. येथे टिळकांचे यश निर्विवाद आहे, आणि त्याचे श्रेय त्यांच्या भाषिक जाणिवेला द्यावे लागते. मिशनांच्या मराठीत ख्रिस्तावरील श्रद्धेसाठी ‘विश्वास ठेवणे’ हा प्रयोग रूढ झाला. ‘ठेवणे’ या क्रियापदात कर्त्याची इच्छा गृहीत असते; ठेवायचा की नाही, हे माझ्या हाती. परंतु मराठी माणूस आपल्या अंतःकरणाविषयी एरवी असे बोलत नाही. विश्वास बसतो, ओढ लागते, धीर सुटतो, निराशा येते, मला दुःख होते. मन हे कर्त्याचे क्षेत्र नसून काहीतरी घडण्याचे ठिकाण आहे, असे आपले व्याकरणच सांगते. अनुभव घेणारा चतुर्थीत किंवा षष्ठीत मागे उभा असतो. संतांचा शब्द पाहावा तर तो ‘भाव’. तो असतो, जडतो, उपजतो. टिळकांनी श्रद्धेची भाषा आज्ञार्थातून काढून पुन्हा या घडण्याच्या भाषेत आणली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे सांगणे प्रसिद्धच आहे. हे बहुधा सिद्धान्ताच्या अंगाने वाचले जाते. माझ्या मते त्यात वाक्यरचनेचेही सत्य आहे.

तीच गोष्ट ‘माउली’ची. टिळक ख्रिस्ताला गुरू म्हणतात आणि माउलीही म्हणतात. इंग्रजी वाचकाला हे धाडस वाटते, आणि 1923 साली जे. सी. विन्स्लो यांनी टिळकांवर लिहिलेल्या इंग्रजी चरित्रातील भाषांतरे वाचताना ते तसे वाटतेही. मराठीत मात्र धाडसाचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्ञानदेव पुरुष असून माउली आहेत आणि विठ्ठल विठाई आहे. पुल्लिंगी नामाच्या जागी स्त्रीलिंगी शब्द आला की क्रियापद निमूटपणे त्याच्या मागे जाते, आणि ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. भाषेने आधीच करून ठेवलेली ही सोय आहे. तसेच ‘तू’चे. इंग्रजी प्रार्थनेतले जुने एकवचनी सर्वनाम काळाच्या ओघात भारदस्त झाले. घरात ते कोणी वापरत नाही. मराठी ‘तू’ आईला आणि देवाला एकच आहे. म्हणून टिळकांची परीक्षा इंग्रजी भाषांतरांवरून करू नये. तेथे ते एखाद्या साध्या उपासनागीताचे कर्ते वाटतात, आणि त्यात त्यांचे निम्मे सामर्थ्य हरवते.

येथपर्यंत बहुतेक अभ्यासक सहमत होतील. पुढचा मुद्दा वादाचा आहे.

‘तू’ या सर्वनामात एक गृहीत दडलेले असते. ज्याला मी ‘तू’ म्हणतो तो आहे आणि ऐकण्याच्या अंतरावर आहे, हे वाक्य उच्चारण्यापूर्वीच मान्य झालेले असते. ‘तू का येत नाहीस?’ या तक्रारीत येण्याविषयी शंका आहे, असण्याविषयी नाही. विरहाची सर्व भाषा या गृहीतावर उभी आहे. म्हणून विरह कितीही तीव्र झाला, तरी तो संशय होत नाही. संशयाला ‘तो’ लागतो. देवाकडे पाठ फिरवून, तिसऱ्याच कोणाला किंवा स्वतःला उद्देशून बोलावे लागते. ‘अभंगांजली’ जवळजवळ सर्वस्वी ‘तू’ची आहे. तीत आर्तता आहे, शरणागती आहे, अपुरेपणाची कबुली आहे. बाप्तिस्म्यापूर्वीच्या त्या वर्षांत जो प्रश्न त्यांना छळत असला पाहिजे, ‘हा खरा आहे काय?’, तो मात्र तीत मला आढळत नाही.

हा अभंगाच्या घाटाचाच दोष आहे, असे कोणी म्हणेल. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक आणि शेवटी आखूड चरणात येणारी विश्रांती, हा घाट समाधानाकडेच झुकतो असा तो युक्तिवाद. तो टिकत नाही, कारण तुकोबा आहेत. तुकोबांच्या करुणापर अभंगांत याच घाटात देवाला शिव्या आहेत, त्याच्यावर दिवाळखोरीचा आरोप आहे, आणि एका ठिकाणी तर आपल्यापुरता देव मेला असे ते जाहीर करून टाकतात. तेथे ‘तू’ सुटतो आणि ‘तो’ येतो, आणि त्या एका सर्वनामाच्या बदलाने अंगावर काटा उभा राहतो. म्हणजे अभंगाला हे सोसते. टिळकांनी तुकोबांची तळमळ घेतली. भांडण घेतले नाही.

का घेतले नाही? तुकोबांच्या घरी विठ्ठलाची उपासना पिढ्यांची होती. पोटच्या पोराने आईला वाटेल ते बोलावे, तसा त्यांचा अधिकार. दत्तक गेलेल्या मुलाला तसे बोलता येत नाही. एकीकडे जुन्या घरचे लोक कान देऊन उभे असतात: याला पस्तावा झाला काय? दुसरीकडे नव्या घरचे लोकही तितक्याच बारकाईने ऐकत असतात. टिळकांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले, त्यांची पदे ‘उपासना संगीत’मधून प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गाईली गेली आणि आजही गाईली जातात. मंडळीने एकमुखाने म्हणावयाच्या पदात एकट्या माणसाच्या शंकेला जागा कोठून मिळणार? शंभर जण ‘मी’ म्हणू लागले की त्या ‘मी’चे कोपरे झिजतात. मुद्रिकेचाही येथे विचार करावा. बाप्तिस्म्याच्या वेळी टिळकांनी आपले नाव बदलले नाही. नारायण वामन हे नाव त्यांनी शेवटपर्यंत चालविले. अभंगात मात्र ‘तुका म्हणे’च्या जागी त्यांनी ‘दास’ घातला. दास हा कोणीही असू शकतो. ज्याच्या नावाभोवती एवढा गदारोळ झाला, तो माणूस अभंगाच्या शेवटच्या चरणात नावानिशी उभा राहत नाही.

समकालीन इंग्रजी काव्याशी ताडून पाहता ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. फ्रान्सिस टॉम्प्सन (1859–1907) टिळकांहून दोनच वर्षांनी मोठे. त्यांच्या गाजलेल्या दीर्घ काव्यात जीव पळतो आहे आणि देव शिकारी कुत्र्याप्रमाणे त्याच्या मागावर आहे. टिळकांच्या अभंगात धावणारा भक्त आहे आणि उशीर करणारा देव आहे. धावण्याची दिशाच उलट झाली. मराठी भक्ताला देवापासून पळण्याची कल्पना सुचत नाही, कारण त्याच्या परंपरेत देव हा पाठलाग करणारा नसून वाट पाहावयास लावणारा आहे. परंतु टिळक स्वतः काही काळ पळत होते असे मानण्यास जागा आहे, आणि त्या पळण्याचे चित्र काढण्याचे साधन त्यांच्या हातातील परंपरेत नव्हते.

मग संशय गेला कोठे? तो गद्यात गेला. पंडिता रमाबाई (1858–1922) यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना त्यानंतर आठ वर्षांनी झाली. ही कहाणी त्यांनी 1907 मध्ये सांगितली, ती इंग्रजी गद्यात. आणि मराठीत हे काम केले ते लक्ष्मीबाई टिळकांनी. ‘स्मृतिचित्रे’ (1934–36) मध्ये देव बहुतांशी तृतीय पुरुषात आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर वेगळे सोवळेओवळे, वेगळे पाणी सांभाळणारी ही बाई 1900 साली स्वतः ख्रिस्ती होते, पण तेथवर ती ज्या वाटेने जाते ती वाट आर्त पुकाराची नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिच्या मनात येतो; माणसाने, असे उत्तर मिळते; मग कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास हरकत काय उरली? श्रद्धेचा प्रवास पाण्याच्या तांब्यापासून सुरू होतो आणि सगळा स्वतःशी केलेल्या वादात, बोली वाक्यांत घडतो. विनोदही सुटत नाही. ज्याला आपण हसू शकतो त्या संशयाची भीती ओसरलेली असते, हे लक्ष्मीबाईंना उपजत कळलेले दिसते. टिळकांच्या अभंगांत विनोद नाही, याचाही या संदर्भात विचार व्हावा.

‘ख्रिस्तायना’ची जुळणी या दृष्टीने कोणी तपासलेली नाही, आणि पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी तो विषय चांगला आहे. टिळकांनी आरंभ केलेले हे ओवीबद्ध काव्य त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, त्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे, आणि ते 1938 साली, त्यांच्याही निधनानंतर, प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या उत्तरवयात त्या ‘स्मृतिचित्रे’ लिहीत होत्या, त्याच वयात त्यांच्यासमोर स्टीफन्स यांचाच प्रश्न होता: पेत्राचे रडणे आणि मातेचा शोक तृतीय पुरुषात सांगावयाचा. सांगणारी मात्र पाद्री नव्हती. टिळकांची ओवी जेथे थांबते आणि लक्ष्मीबाईंची सुरू होते, त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंची क्रियापदे आणि सर्वनामे मोजून पाहिली, तर तिच्या ‘तो’मध्ये काय निराळे आहे ते हाती लागेल.