दुखावलेल्या भावना आणि बंद दरवाजे

'धर्मभावना दुखावल्या' असे कोणीही, केव्हाही म्हणावे आणि लगेच पुस्तक मागे घेतले जावे, नाटक थांबावे, चित्र भिंतीवरून उतरावे, असा आपल्याकडे रिवाजच पडून गेला आहे. कलावंताची बाजू घेणारे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम पुढे करतात, विरोधक श्रद्धा पुढे करतात. या वादात एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. या देशात दुखावून घेण्याचा अधिकार कोणाला आहे? नाशिकमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याला तो टाळता येत नाही. कारण या गावात भावना दुखावण्याचा इतिहास देवळाच्या दरवाजापाशी सुरू होतो.

२ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला. सत्याग्रहींनी रामाविरुद्ध घोषणा दिल्या नव्हत्या, मूर्तीला विरूप केले नव्हते. त्यांची मागणी दर्शनाची होती. तरीही दरवाजे बंद झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रामाचा रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगड पडले. याचा अर्थ सरळ आहे. अस्पृश्याने देवाची निंदा केली तर भावना दुखावतात, आणि त्याने देवावर श्रद्धा ठेवली तरीही त्या दुखावतात! मग ती भावना देवाबद्दलची होती असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'लंकादहन' हा चित्रपट १९१७ सालचा. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. हे साळुंके मूळचे मुंबईच्या एका उपाहारगृहातले आचारी. आचाऱ्याने राम व्हावे आणि त्यानेच लुगडे नेसून सीताही व्हावे, हे प्रेक्षकांनी भक्तिभावाने पाहिले. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या देवदेवता त्याआधीच घरोघरी भिंतींवर टांगल्या गेल्या होत्या. देवाला माणसाने रूप द्यावे, पोशाख द्यावा, चेहरा द्यावा, यात आपल्या समाजाला कधीच काही गैर वाटलेले नाही. प्रतिमा कोण घडवतो आणि तिच्यामुळे समाजरचनेला धक्का बसतो की ती अधिक पक्की होते, एवढेच येथे तपासले जाते.

हुसेन यांच्या प्रकरणाकडे मी याच दृष्टीने पाहतो. पंढरपूरला जन्मलेल्या या चित्रकाराने सरस्वतीचे रेखाटन केले ते १९७० च्या दशकात. पुढे सुमारे वीस वर्षे त्याने कोणाची झोपमोड झाली नाही. १९९६ साली भोपाळच्या एका मासिकाने ते चिथावणीखोर मजकुरासह छापले आणि भावना एकाएकी जाग्या झाल्या. त्यांच्या दुसऱ्या एका चित्रावरचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली रद्द केले. तरीही हुसेन देशात परतले नाहीत. २०११ साली ते लंडनमध्ये वारले. रेषा तीच होती. तिच्यामागचा हात कोणत्या धर्माचा आहे, हे वीस वर्षांनी कोणाला तरी सोयीचे वाटले.

आपला अनुभव याहून वेगळा नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनानेच बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. त्यातील राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्ट वगळा, म्हणून गहजब झाला आणि शासन डळमळले. फेब्रुवारी १९८८ मध्ये दलित जनतेचा विराट मोर्चा मुंबईत निघाला, तेव्हा परिशिष्ट राहिले. शासन या मतांशी सहमत नाही, अशी तळटीप तेवढी त्याला जोडली गेली. पण मोर्चानंतर हुतात्मा चौक 'शुद्ध' करण्यात आला! वाद ग्रंथातील विधानांचा होता, तर चौक कशाने विटाळला? १९२७ साली महाडचे तळे ज्या मनाने शुद्ध केले, ते मन साठ वर्षांनंतरही तसेच होते.

राजा ढाले यांनी १९७२ साली 'साधना'त जो हिशेब मांडला, तो या सर्व चर्चेचा पाया मानला पाहिजे. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला शिक्षा किती आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला किती, एवढेच त्यांनी विचारले. लोक खवळले ते ध्वजासाठी. त्या स्त्रीसाठी तेवढे कोणी खवळले नाही. प्रतिमेला जखम होते आणि माणसाला होत नाही, असे मानणाऱ्या समाजात कलावंताला स्वातंत्र्य मिळणार कसे?

पण हा हिशेब आपल्यालाही लागू करावा लागेल. २०१२ साली अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या १९४९ सालच्या व्यंगचित्रावरून वादळ उठले. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. चाबूक म्हटला की आपल्या मनात काय उभे राहते, हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अनेक पुरस्कर्त्यांना त्या वेळी कळले नाही. ती वेदना खरी होती आणि ती मांडण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार होता. परंतु पुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली, ती कोणत्या आंबेडकरी विचारात बसते? ५ डिसेंबर २०२१ रोजी आमच्या नाशिकच्या साहित्य संमेलनात गिरीश कुबेर यांच्यावर शाई फेकली गेली. फेकणारे बहुजनांचे नाव घेणारे होते. कुबेरांच्या पुस्तकातील मजकूर ज्यांना चूक वाटतो त्यांनी तो पुराव्याने खोडावा. शाईचा तोच उपयोग योग्य.

तेव्हा मला असे वाटते की, आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जिवंत माणसाची त्याच्या जातीवरून मानखंडना करणे हा अत्याचार आहे. त्याचा निवाडा कायद्याने व्हावा. प्रतिमेचे वेगळे रेखाटन, पुराणाचा उलटा अर्थ, महापुरुषावरील व्यंग हा वादाचा विषय आहे. त्याचा निवाडा समीक्षेने व्हावा. चित्र हीन असेल तर ते का हीन आहे हे लिहून दाखवू. नाटक आपली टवाळी करत असेल तर त्याहून सरस नाटक उभे करू. बंदीची मागणी मात्र आपण करू नये. यात औदार्याचा प्रश्न नाही, साधा व्यवहार आहे. भावना दुखावल्या म्हणून बंदी घालण्याचा नियम एकदा पक्का झाला, की ज्यांची संख्या मोठी आणि ज्यांच्या हाती सत्ता त्यांच्याच भावना मोजल्या जातील. मग पहिली जप्ती तुमच्या-माझ्या कवितेवर येईल, आणि त्यानंतरची बाबासाहेबांच्या ग्रंथांवर.