रक्तक्षयाचा धडा आणि गुळाचा खडा

शाळेच्या भिंतीवरील आरोग्यविषयक तक्त्यात रक्तक्षयाला सहसा एकच कारण असते : लोहाची कमतरता. उपायही एकच : पालेभाज्या खा, गूळ-शेंगदाणे खा. कोल्हापुरात तर गुळाला नाही म्हणणार कोण! लोहाअभावी होणारा रक्तक्षय आपल्याकडे फार आढळतो, तेव्हा तक्ता खोटा नाही. पण तो अर्ध्यावर थांबतो. तांबड्या पेशी मुळातच कमी तयार होणे वेगळे आणि तयार झालेल्या पेशी आपले सुमारे १२० दिवसांचे आयुष्य पुरे होण्याआधीच फुटणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारात फुटलेल्या पेशींतील बरेचसे लोह शरीर पुन्हा वापरते. तिथे गूळ काय करणार?

काही पुस्तकांत हा दुसरा प्रकार येतो, पण 'आनुवंशिक' आणि 'नंतर उद्भवलेला' अशा दोन रकान्यांत. पाठांतराला हे सोयीचे आहे. डॉक्टरांपुढचा प्रश्न मात्र निराळा असतो : पेशी फोडते कोण? प्रतिद्रव्ये, की दुसरेच काही? शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवत असेल तर स्टिरॉइडसारखी औषधे उपयोगी पडतात. सिकलसेल किंवा मलेरियात पेशी फुटतात तेव्हा हा उपचार नव्हे.

या प्रश्नापुढे ते दोन रकाने टिकत नाहीत. औषधांचेच पाहा. मलेरियावरील प्रायमाक्विनने काहींच्या पेशी फुटतात, कारण त्यांच्यात जी-६-पी-डी हे विकर जन्मतःच कमी असते. प्रतिद्रव्यांचा तिथे संबंध नाही. रक्तदाबावरील मेथिलडोपाने क्वचित पेशी फुटतात त्या मात्र प्रतिद्रव्यांमुळे. दोन्हीकडे निमित्त गोळीचेच! आरएच गट न जुळलेल्या नवजात बाळात तर प्रतिद्रव्ये आईची आणि पेशी बाळाच्या. याला कोणत्या रकान्यात घालाल?

सूक्ष्मदर्शकही इथे पुरा पडत नाही. मधली फिकट जागा हरवलेल्या गोलसर पेशी एका आनुवंशिक विकारात दिसतात, तशाच प्रतिद्रव्यांनी कुरतडलेल्या रक्तातही दिसतात. निवाडा करते ती कूम्ब्स चाचणी. केंब्रिजमध्ये कूम्ब्स, मूरांट आणि रेस यांनी ती १९४५ साली प्रसिद्ध केली. मानवी प्रतिद्रव्यांविरुद्ध सशासारख्या प्राण्यात तयार केलेला रस धुतलेल्या तांबड्या पेशींत मिसळायचा. पेशींवर प्रतिद्रव्ये चिकटलेली असली तर त्यांच्या गुठळ्या होतात. वर्गात समजावायला इतकी सोपी कल्पना शोधून सापडणार नाही, तरी ती धड्यात नसते. अर्थात चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. प्रतिद्रव्ये फार थोडी असली तर ती नकारार्थी येते, आणि क्वचित धडधाकट रक्तदात्यातही होकारार्थी येते.

यातील रेस यांचे नाव आपल्या मुंबईशीही जोडलेले आहे. १९५२ साली डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी ज्या लेखात 'मुंबई रक्तगटा'ची माहिती दिली, त्याचे रेस हे एक सहलेखक होते. या गटाच्या पेशींवर एच हा घटकच नसतो, आणि रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर. त्यामुळे अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त दिले तर त्या पेशी त्याच्या शरीरात फुटतात आणि जिवावर बेतू शकते. त्याला मुंबई गटाच्याच दात्याचे रक्त शोधावे लागते. 'ओ गट सर्वांना चालतो' हे वाक्य आपण फळ्यावर अजूनही लिहितो.