कर्ता कुठं आहे?

घरबसल्या इंग्रजी शिकवणारी चार पुस्तकं मी आमच्या रोहण्यात, आर्वी तालुक्यात, बसून वाचली. नावं देत नाही, साचा एकच. आधी शब्दांची यादी, मग रोजची वाक्यं, शेवटी व्याकरण.

इंग्रजी नको, असं मी म्हणत नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. २००० सालापासून महाराष्ट्राच्या शाळांत ती पहिलीपासून आहे. सवाल एवढाच की, कोणती इंग्रजी?

यादी पाहा. दिवाणखाना, दागिने, फळं, पक्वान्नं. आमच्या वस्तीतली म्हातारी माय शाळेची पायरी चढली नाही. पण फारम, रेशन, बिल, लाईन, ठेसन हे शब्द रोज तिच्या तोंडात. रांगेत उभं राहून कमावलेले. पुस्तकवाल्यांना ते गावंढळ वाटत असतील. शब्दांची वानवा आम्हाला नाही.

आता वाक्यं. 'चहा आण.' 'गाडी पुसून ठेव.' 'नोकर कुठे गेला?' हे घोकताना पोरगा कोणाच्या जागी उभा असतो? ज्याच्या घरी नोकर आहे त्याच्या. आमच्या पोरानं ही वाक्यं घोकायची, आणि जन्मभर ऐकायचीही त्यानंच! 'पावती द्या', 'मजुरी कमी काहून?', 'हे लेखी द्या' ही वाक्यं चारही पुस्तकांत नाहीत.

पण खरा दगा व्याकरणात आहे. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला एका कचेरीतून इंग्रजीत उत्तर आलं. डिक्शनरी घेऊन बसलो, एकेक शब्द लावला. अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. बापानं विचारलं, "कोनं केला?"

मी पत्र उलटंपालटं केलं. कोणीच केला नव्हता!

शब्द सगळे मला कळले होते. सवाल मात्र अक्षरशत्रू बापाला सुचला. पुस्तकात पॅसिव्ह व्हॉइस होता: रामानं आंबा खाल्ला, आंबा खाल्ला गेला. कर्ता गाळला तरी चालतो, असा नियम होता. तो कोण गाळतो, कोणाच्या सोयीसाठी गाळतो, हे नव्हतं.

मित्रांनो, बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर इंग्रजीत निबंध वाचला. जात आपोआप झाली, असं ते म्हणत नाहीत. आधी स्वतःला कोणी कोंडून घेतलं, त्यांचं पाहून आणखी कोणी घेतलं आणि कोणावर ते कोंडणं लादलं गेलं, हे ते वेगवेगळं करून दाखवतात. कर्ता शोधणं म्हणजे हे.

संविधानाची उद्देशिका वाचा. इंग्रजीत ते एकच लांबलचक वाक्य आहे. आरंभी कर्ता, पार शेवटी क्रियापद. मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली. त्या वाक्यात कर्ता नाही. तो उद्देशिकेत आहे: आपण, भारताचे लोक. मग गावात ती अजून शिल्लक दिसली, तर जाब कोणाला विचारायचा, हे व्याकरणच सांगतं.

म्हणून आपल्या अभ्यासवर्गात ही पुस्तकं नकोत. घरी आलेली नोटीस आणा, बँकेचं पत्र आणा, नामंजूर झालेला अर्ज आणा. आधी कर्ता शोधू. स्पेलिंग मागून.