सांडलेलं दूध : ४९ सेंट

अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिकेतल्या घरची ऐपत ओळखायची असेल, तर सरळ कोचाकडे बघावं. 'रोझॅन' (१९८८-१९९७) या मालिकेतल्या कोचाच्या पाठीवर क्रोशाच्या रंगीबेरंगी चौकोनांचं पांघरूण कायमचं टाकलेलं असतं. ज्या घरात कोचालाही पांघरूण लागतं, त्या घरात महिनाअखेर कशी जात असेल, हे आम्हां मध्यमवर्गीयांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. उलट 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर' (१९९०-१९९६) मधल्या बँक्स मंडळींकडे दार उघडायलासुद्धा जेफ्री नावाचा बटलर असतो. तिथे कोच बघायची गरजच पडत नाही.

आता गंमत पाहा. पैशाचा विषय निघाला, की मोठी माणसं तत्त्वज्ञ होतात. गरीब बाप म्हणतो, 'कष्टाचं खावं.' श्रीमंत बाप म्हणतो, 'पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे.' (हे दुसरं वाक्य म्हणायला घरी बटलर असला की बरं पडतं.) पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला तत्त्वज्ञान अंगात घालून शाळेत जाता येत नाही, कपडेच घालावे लागतात. बापाची ऐपत दिसते ती पोराच्या अंगावर. त्या पोराची जी तारांबळ उडते, तोच या मालिकांचा खरा ऐवज.

'फ्रेश प्रिन्स'मधला विल फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतून लॉस एंजेलिसला श्रीमंत मावशीकडे राहायला येतो. तिथल्या खानदानी शाळेचा कोट तो उलटा करून, अस्तर बाहेर काढून घालतो. मावसभाऊ कार्लटन मात्र सुलट्या कोटातला मुलगा. १९९० सालच्या एका भागात हे दोघं वडिलांच्या पेढीतल्या एका वकिलाची मर्सिडीज घेऊन पाम स्प्रिंग्जला निघतात. दोन काळी पोरं आणि एवढी महागाची गाडी! पोलीस चोर समजून दोघांना आत टाकतात. विलला याचं फारसं नवल वाटत नाही. कार्लटन मात्र सुटून आल्यावरही पोलिसांचीच बाजू मांडत राहतो. बरोबरच आहे. सुलटा कोट घातला की जग आपल्याला ओळखतं, अशी त्याची समजूत. शेवटी वडील त्याला सांगतात, की मलाही असंच अडवलं होतं, आणि मलाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता. भाग संपतो, प्रश्न संपत नाही.

दुसऱ्या टोकाला 'एव्हरीबडी हेट्स ख्रिस' (२००५-२००९). विनोदी नट ख्रिस रॉक यानं स्वतःच्या बालपणावर बेतलेली ही मालिका. ब्रुकलिनमधलं १९८० नंतरचं घर, आणि दोन-दोन नोकऱ्या करणारे वडील ज्युलियस. आपल्याकडे पानात टाकलं तर पाप लागतं. ज्युलियस त्या पापाची किंमत सांगतो. दूध सांडलं? ४९ सेंट. रात्री घड्याळ चालू ठेवलं? तासाला दोन सेंट. झोपेत वेळ कशाला बघायची आहे? आमच्या सौभाग्यवतींना हा माणूस विनोदी वाटतच नाही. त्या म्हणतात, 'त्याचं काय चुकलं?' आणि या घरचा ख्रिस रोज दोन बस बदलून ज्या शाळेत जातो, तिथे तो एकटाच काळा मुलगा. घरी सेंट मोजायचे, शाळेत टोमणे.

बाकीच्या कितीतरी मालिकांत एक ठरलेला भाग असतो. गरीब पोर श्रीमंत मित्राच्या घरी जातं, पोहण्याचा तलाव बघून हरखतं, आणि मग त्याला कळतं, की हा मित्र बिचारा एकाकी आहे, त्याच्या आईबापांना त्याच्याकडे बघायला वेळ नाही. पोर घरी येऊन आईला मिठी मारतं. बावीस मिनिटांत समाजवाद! श्रीमंत दुःखी असतात हे एकदा मुलांच्या मनावर ठसवलं, की आईबापांचा खर्च वाचतो, हे मी समजू शकतो. पण ते खरं नव्हे. श्रीमंताचं एकाकी पोरसुद्धा कॉलेजात जातंच.

आणि 'रोझॅन'मधली हुशार बेकी जात नाही. १९९२ साली बापाचं मोटारसायकलींचं दुकान बुडतं, तिच्या कॉलेजासाठी पैसा उरत नाही, आणि ही चिडलेली मुलगी मित्राबरोबर पळून जाऊन लग्न करते. आईबाप प्रेमळ आहेत, कष्टाळू आहेत, विनोदीही आहेत. फक्त पैसे नाहीत. त्या भागातही आपण हसतो. पण हसता हसता आपल्याच घरातलं कुणीतरी आठवतं, ज्याला 'पुढच्या वर्षी बघू' असं सांगितलं गेलं होतं, आणि ते पुढचं वर्ष आलंच नाही.

तेव्हा अशी मालिका बरी की वाईट, हे ठरवण्याची माझी कसोटी साधी आहे. मिठी मारून झाल्यावर फीचे पैसे कुठून आणायचे, हे त्या घरात कुणी विचारतं का? विचारत असेल, तर मालिका पुन्हा बघावी. नसेल विचारत, तर टीव्ही बंद करावा. तासाला दोन सेंट तरी वाचतील.