मुंगीच्या दारात

इवान क्रिलोव्हच्या रशियन पशुकथांचं सचित्र हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं. त्याचं नाव ‘मिश्ले क्रिलोव्ह’. बायबलमधल्या शलमोनाच्या नीतिसूत्रांच्या ग्रंथाचं नावही ‘मिश्ले’च, कारण हिब्रूत पशुकथा आणि सुभाषित दोन्हींना ‘माशाल’ हा एकच शब्द. म्हणजे पीटर्सबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करणारा हा कवी हिब्रूत पाऊल टाकतो तो थेट शलमोनाच्या पंगतीला बसतो. हनन्या रायखमन यांनी या कथा हिब्रूत आणल्या. त्याआधी, १८५९ मध्ये, यहुदा लेब गॉर्डन यांनी ‘मिश्ले येहुदा’ लिहून हिब्रूत पशुकथांची वाट रुळवली होती.

मला सगळ्यात जास्त गुंतवते ती १८०८ची एकच कथा. उन्हाळाभर गात राहिलेली ‘स्त्रेकोझा’, म्हणजे एक कीटक, थंडीत मुंगीकडे आसरा मागते. रशियनमध्ये गाणारी ती, आणि मुंगी चक्क पुल्लिंगी. एक बाई गयावया करते, एक कर्ता पुरुष टोमणा मारून तिला वाटेला लावतो. हिब्रूत ‘नेमाला’, म्हणजे मुंगी, आपल्या मुंगीसारखीच स्त्रीलिंगी; आणि गाणाऱ्याला रातकिडा, ‘त्सार्त्सार’, म्हटलं की तो पुरुष होतो. हिब्रूत तर ‘तू’सुद्धा बाईला वेगळं, पुरुषाला वेगळं. त्यामुळे एका नामाचं लिंग फिरलं की सगळा संवादच फिरतो. दारात आता एक फाटका गवई, आणि आत कोठार भरलेली घरधनीण!

मूळ कथेत ही दोघं एकमेकांना ‘कूम’, ‘कूमुश्का’ म्हणतात. मुलाच्या बाप्तिस्म्यातून जुळणारं हे ख्रिस्ती नातं, आणि ज्यू घरात बाप्तिस्माच नाही. माझ्या मनात येतो तो हिब्रू शब्द ‘मेखुतान’, म्हणजे नेमका आपला व्याही. तेही नातं मुलांमुळेच जोडलेलं, आणि त्यातल्या आदरालाही तशीच बारीक धार. विहीणबाईंनी गोड बोलून परत पाठवणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

पण हिब्रू मुंगीच्या पाठीशी शलमोन उभा आहे. आळशाने मुंगीकडे जाऊन शिकावं, हे त्याच्याच ग्रंथात आहे. क्रिलोव्हच्या मुंगीत जो कोरडा निष्ठुरपणा मला टोचतो, त्यावर हिब्रूत धर्मग्रंथाचा हात येतो. शब्द मुंगीच्या बाजूला झुकतात, म्हणून गाणाऱ्याची बाजू चित्रकाराने राखायची.

आणि त्याच्यापुढचा पेच अवघड आहे. ‘स्त्रेकोझा’ म्हणजे आजच्या रशियनमध्ये चतुर, पण चतुर गातही नाही आणि उड्याही मारत नाही. क्रिलोव्हच्या काळी तो शब्द किरकिरणाऱ्या, टुणटुण उडणाऱ्या किड्यांनाही चाले. चार पारदर्शक पंख काढले तर गाणं हरवतं. रातकिडा काढला तर ती नाजूक, उन्हात चमकणारी बेफिकिरी जाते. मी असतो तर पंखच काढले असते, थंडीने आखडलेले, दाराच्या उंबऱ्यापर्यंत फरफटत आलेले.