गुणवत्ताशाही आणि ब्रिटिश वर्गव्यवस्था : मायकेल यंग यांच्या उपरोधिकेचे पुनर्वाचन

प्रस्तावना

आधुनिक ब्रिटिश समाजातील सामाजिक स्तरीकरणाचा अभ्यास करताना प्रामुख्याने जनगणनेतील व्यवसायश्रेणी, उत्पन्नाची आकडेवारी आणि सामाजिक गतिशीलतेची सर्वेक्षणे यांचा आधार घेतला जातो. या साधनांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि, एखादा समाज आपल्यातील विषमतेचे समर्थन कोणत्या शब्दांत करतो, हा प्रश्न केवळ आकडेवारीने सुटत नाही. त्यासाठी त्या समाजाने स्वतःविषयी लिहिलेल्या ग्रंथांकडे वळावे लागते. १९५८ साली प्रसिद्ध झालेले मायकेल यंग (१९१५-२००२) यांचे ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ हे पुस्तक या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. या पुस्तकाने रूढ केलेला शब्द आज जगभर प्रशंसेच्या अर्थाने वापरला जातो. पुस्तक मात्र त्या कल्पनेची धोक्याची सूचना देण्यासाठी लिहिले गेले होते. अर्थाची ही उलटापालट का झाली, पुस्तकाचे भाकीत कितपत खरे ठरले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ‘मेरिटॉक्रसी’ या शब्दासाठी येथे ‘गुणवत्ताशाही’ हा पर्याय योजला आहे.

पुस्तकाची पार्श्वभूमी

यंग हे केवळ विद्यापीठीय समाजशास्त्रज्ञ नव्हते. १९४५ च्या निवडणुकीतील मजूर पक्षाच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार करण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. पुढे पीटर विलमॉट यांच्यासह त्यांनी पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन या कामगार वस्तीतील कुटुंबजीवनाचा अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध केला. म्हणजेच कामगारवर्गाचे दैनंदिन जीवन आणि मजूर पक्षाची सत्ता या दोहोंना जवळून पाहिलेल्या व्यक्तीचे हे लेखन आहे.

या लेखनामागे १९४४ चा शिक्षण कायदा उभा आहे. या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील सर्व मुलांना माध्यमिक शिक्षण विनामूल्य उपलब्ध झाले. परंतु त्याच्या अंमलबजावणीत ग्रामर, तांत्रिक आणि मॉडर्न असे शाळांचे प्रकार रूढ झाले आणि वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास घेतल्या जाणाऱ्या ‘इलेव्हन प्लस’ परीक्षेवरून मुलांची विभागणी होऊ लागली. जन्मावर आधारलेली निवड नाकारून बुद्धीवर आधारलेली निवड स्वीकारणे हे तत्कालीन पुरोगाम्यांना न्याय्य वाटत होते. यंग यांनी नेमक्या याच समजुतीला प्रश्न विचारला.

निवेदक आणि वाचक

पुस्तकाचा निवेदक हा भविष्यातील एक समाजशास्त्रज्ञ असून तो २०३४ साली, १८७० पासूनच्या ब्रिटनचा इतिहास लिहीत आहे. १८७० हे वर्ष अर्थपूर्ण आहे. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि सनदी सेवेतील भरतीसाठी खुल्या स्पर्धापरीक्षेचे तत्त्व व्यापक प्रमाणावर स्वीकारले गेले. निवेदकाच्या मते बुद्ध्यंक अधिक प्रयत्न म्हणजे गुणवत्ता. या सूत्रावर उभारलेल्या समाजाचे तो मनःपूर्वक समर्थन करतो. निम्न स्तरांतील माणसे असंतुष्ट का आहेत, हे त्याला उमगत नाही. त्या असंतोषाच्या अग्रभागी असलेल्या स्त्रियांची तो टवाळी करतो. अखेरीस प्रकाशकाच्या एका टिपेतून वाचकाला कळते, की हा निवेदक पीटर्लू येथील उद्रेकात मारला गेला. १८१९ साली मँचेस्टरमध्ये संसदीय सुधारणेची मागणी करणाऱ्या जमावावर जेथे घोडदळ घातले गेले, त्याच जागेची यंग यांनी केलेली निवड सूचक आहे. स्वतः बुद्धिमान म्हणून निवडला गेलेला हा माणूस स्वतःच्या समाजाचे भवितव्य ओळखू शकत नाही. पुस्तकातील उपरोधाचे मर्म येथे आहे.

हा उपरोध अनेक वाचकांच्या लक्षात आला नाही, याचे एक कारण पुस्तकाच्या घडणीतच आहे. निवेदकाची भाषा शासकीय अहवालाची आणि प्रबंधाची आहे. खरे कायदे, खरी वर्षे आणि कल्पित घटना त्यात एकत्र गुंफल्या आहेत. ज्या वाचकाला निवेदकाची मूल्ये आधीच मान्य आहेत, त्याला हा उपरोध जाणवण्याचे कारण उरत नाही. राजकीय नेत्यांच्या बाबतीत हेच घडले, असे म्हणता येईल. टोनी ब्लेअर यांनी १९९९ साली वर्गयुद्ध संपल्याचे जाहीर केले आणि त्यांच्या कारकिर्दीत ‘गुणवत्ताशाही’ हा शब्द सरकारी ध्येयाचा भाग बनला. २००१ साली यंग यांनी ‘द गार्डियन’मध्ये लेख लिहून ब्लेअर यांनी हा शब्द सोडून द्यावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याचा उपयोग झाला नाही. २०१६ साली थेरेसा मे यांनीही ब्रिटनला महान गुणवत्ताशाही बनविण्याचे आश्वासन नव्या ग्रामर शाळांच्या प्रस्तावाबरोबरच दिले. ज्या शाळांमधून यंग यांचा उपरोध जन्मला, त्याच शाळांच्या समर्थनार्थ त्यांचा शब्द वापरला जावा, हा विसंवाद लक्षणीय आहे.

भाकीत आणि वास्तव

यंग यांच्या कल्पित ब्रिटनमध्ये सरकारी ग्रामर शाळा इतक्या समृद्ध होतात, की श्रीमंतांच्या खासगी शाळांचे महत्त्व ओसरते. प्रत्यक्षात असे घडले नाही. १९६५ च्या शासकीय परिपत्रकानंतर बहुतेक ठिकाणी सर्वांसाठी समान अशा कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा आल्या. खासगी शाळा मात्र टिकून राहिल्या. या शाळांमध्ये सुमारे ७ टक्के मुले शिकतात. असे असूनही सटन ट्रस्ट आणि सोशल मोबिलिटी कमिशन यांच्या २०१९ च्या अहवालानुसार वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के आणि मंत्रालयांच्या सर्वोच्च सचिवांपैकी ५९ टक्के व्यक्ती खासगी शाळांमधून आलेल्या होत्या.

ग्रामर शाळांच्या दारातून आत गेलेल्या कामगारवर्गीय मुलांचा प्रवासही सरळ नव्हता. यातील अनेक मुले शिक्षण अर्धवट सोडतात, हे १९५४ च्या शासकीय अहवालात नोंदले गेले होते. ब्रायन जॅक्सन आणि डेनिस मार्सडन यांनी १९६२ साली हडर्सफील्डमधील ८८ कामगारवर्गीय मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेतील यशाबरोबर घर, वस्ती आणि बोली यांच्यापासून होणारी ताटातूट त्यातून स्पष्ट होते. परीक्षा केवळ बुद्धीची नसते. शाळेची संस्कृती ज्या घरात आधीपासून नांदते, त्या घरातील मुलाला ती सोपी जाते.

जॉन गोल्डथॉर्प यांच्या १९८० च्या ग्रंथाने या प्रश्नाला संरचनात्मक बाजू दिली. युद्धोत्तर काळात व्यावसायिक आणि व्यवस्थापकीय पदांची संख्या वाढल्यामुळे अनेक कामगारपुत्र वर चढले. परंतु विविध वर्गांतील मुलांच्या सापेक्ष संधींमधील अंतर फारसे कमी झाले नाही. वर जागा अधिक झाल्या. जागेसाठीची स्पर्धा अधिक न्याय्य झाली नाही. हा अभ्यास पुरुषांपुरता मर्यादित होता, याची नोंद घ्यावी लागेल. सॅम फ्रीडमन आणि डॅनियल लॉरिसन यांनी २०१९ साली आणखी एक पुरावा पुढे आणला. उच्च व्यवसायांत पोहोचल्यानंतरही कामगारवर्गीय पार्श्वभूमीच्या व्यक्तींची सरासरी कमाई उच्चवर्गीय पार्श्वभूमीच्या सहकाऱ्यांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी असते. उच्चार, पेहराव, ओळखीपाळखी आणि घरच्या पैशांचे पाठबळ येथे ‘गुणवत्ता’ म्हणून वावरतात.

तेव्हा भाकिताची यंत्रणा चुकली, असा निष्कर्ष काढावा लागतो. जन्मसिद्ध वर्ग मोडून गुणसिद्ध वर्ग आला नाही; जन्मसिद्ध वर्गाने गुणवत्तेची भाषा आत्मसात केली. परंतु भाकिताचे नैतिक मर्म याने बाद होत नाही, उलट ते अधिक गंभीर होते. जुन्या व्यवस्थेतील गरीब माणूस आपल्या स्थितीसाठी समाजाला दोष देऊ शकत होता. गुणवत्ताशाहीत त्याचा तो आधार काढून घेतला जातो. यंग यांच्या कल्पनेत निदान स्पर्धा तरी निष्पक्ष होती. प्रत्यक्षात स्पर्धा विषम आणि अपयशाचा दोष मात्र वैयक्तिक, असा दुहेरी अन्याय घडतो.

मर्यादा

पुस्तकाच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांतून आणि पुढे भारतीय उपखंडातून आलेल्या स्थलांतरितांमुळे ब्रिटिश कामगारवर्गाची घडण बदलली. या पुस्तकाच्या चौकटीत वंशाधारित विषमतेला स्थान नाही. दुसरे असे, की मालमत्तेच्या वारशाचा प्रश्न यंग यांनी शिक्षणाच्या तुलनेत गौण मानला. २०१३ च्या ‘ग्रेट ब्रिटिश क्लास सर्व्हे’वर आधारित मांडणीत माइक सॅव्हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक भांडवल असे तीन निकष वापरून सात वर्ग कल्पिले, त्यात घराची किंमत आणि बचत यांचा स्वतंत्र विचार आहे. गोल्डथॉर्पप्रणीत व्यवसायाधिष्ठित दृष्टीच्या तुलनेत ही मांडणी सैल असली, तरी यंग यांनी सोडलेली जागा ती दाखवून देते.

मराठी वाचकाने आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘वर्ग’ हा शब्द आपण बरेचदा जातीच्या अनुभवातून वाचतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ च्या निबंधात जातीला बंदिस्त वर्ग म्हटले होते. त्या सूत्रानुसार पाहता ब्रिटिश वर्गाला विवाहबंदीची आणि धर्माज्ञेची तटबंदी नाही. त्याची दारे तत्त्वतः उघडी आहेत. म्हणूनच आत जाऊ न शकलेल्याला स्वतःचाच दोष मानणे तेथे सोपे जाते. दोन्ही व्यवस्था एकरूप मानल्यास हा भेद निसटतो.

समारोप

ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात नऊ संरक्षित वैशिष्ट्ये आहेत. सामाजिक वर्ग त्यात नाही. सामाजिक-आर्थिक विषमता कमी करण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थांवर टाकणारे कलम त्याच कायद्यात होते. स्कॉटलंडने ते २०१८ मध्ये आणि वेल्सने २०२१ मध्ये अंमलात आणले; इंग्लंडपुरते मात्र २०१० साली सत्तेवर आलेल्या सरकारने ते बाजूला ठेवले. याउलट २०१६ च्या ‘ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स’ अहवालानुसार सुमारे ६० टक्के लोक स्वतःला कामगारवर्गीय म्हणवतात. कायद्याच्या भाषेत नसलेला वर्ग लोकांच्या आत्मभानात ठामपणे उपस्थित आहे.

यंग यांच्या पुस्तकात एका कल्पित जाहीरनाम्याचा उल्लेख येतो. माणसाचे मूल्य बुद्धी आणि पदावरूनच नव्हे, तर दयाबुद्धी, धैर्य, कल्पकता आणि संवेदनशीलता यांवरूनही ठरावे, अशी त्यातील मागणी आहे. निवेदक ती भाबडी ठरवतो; लेखकाचा कौल मात्र तिच्या बाजूने आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. हे पुस्तक संधीच्या समानतेला विरोध करीत नाही. संधीची समानता मिळाल्यावर उरलेली विषमता आपोआप न्याय्य ठरते, या समजुतीला ते विरोध करते. परीक्षा घेणे, गुण देणे आणि क्रम लावणे हे ज्यांचे दैनंदिन काम आहे, त्या अध्यापकवर्गाने हा भेद विसरू नये. गुणपत्रिका विद्यार्थ्याने काय लिहिले ते सांगते. तो कोठून चालत आला, हे ती सांगत नाही आणि त्याची माणूस म्हणून किती किंमत आहे, हे सांगण्याचा तर तिला अधिकारच नाही.