चार जुळे स्फटिक

हौशी रेडिओच्या क्षेत्रात भारतातून बाहेर गेलेली आणि देशोदेशी लोकांनी घरी जोडून पाहिलेली रचना म्हणून ‘बिटएक्स’चे नाव घ्यावे लागेल. हैदराबादचे अशहर फरहान यांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ६ वॅट शक्तीने बोलता येईल असा हा संच. सहज मिळणारे, स्वस्त भाग वापरून तो घरी जोडता यावा, हा त्यामागचा हेतू. ही रचना हौशी मंडळींसाठी आहे, शाळेसाठी नाही. तरीही विज्ञान-शिक्षकाच्या नजरेने ती तपासली, तर तिच्यातला एक भाग वर्गात आणण्याजोगा आहे आणि तिच्या अनुकरणात नेमका तोच भाग हरवत चालला आहे.

हा भाग म्हणजे तिची गाळणी. एकाच वेळी अनेक केंद्रे बोलत असताना हवे तेवढेच ऐकू यावे, यासाठी प्रत्येक ग्राहकात गाळणी असते. माणसाचे बोलणे समजायला साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो. म्हणजे १० मेगाहर्ट्झवर चालणारी गाळणी फक्त अडीच किलोहर्ट्झ रुंद हवी. चांगल्या वेटोळ्याची गुणवत्ता २०० धरली, तर १० मेगाहर्ट्झला त्याची रुंदी येते ५० किलोहर्ट्झ. त्यात एकाच वेळी वीस संभाषणे मावतील! क्वार्ट्‌झच्या स्फटिकाची गुणवत्ता मात्र हजारोंच्या घरात असते. दाबविद्युत परिणामामुळे विजेच्या तालावर त्याची चकती थरथरते, आणि ती थरथर एका ठरावीक कंपनसंख्येलाच जोर धरते. चकती जितकी पातळ, तितकी कंपनसंख्या जास्त. नेहमीच्या कापाच्या चकतीसाठी १.६६ ला मेगाहर्ट्झने भागले की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. १० मेगाहर्ट्झचा स्फटिक जेमतेम ०.१७ मिलिमीटर जाड असतो.

फरहान यांनी तयार, महागडी गाळणी घेतली नाही. संगणकांसाठी बनणारे १० मेगाहर्ट्झचे चार स्वस्त स्फटिक आणि काही धारित्रे शिडीसारखी जोडली. ऐकताना आणि बोलताना तीच गाळणी वापरली. काटकसर इथे केवळ पैशांची नाही, विचाराचीही आहे. या रचनेचे हे खरे यश.

पण शिडी नीट चालायची तर चारही स्फटिक जुळे हवेत. स्वस्त स्फटिकावर १० मेगाहर्ट्झ छापलेले असले, तरी दशलक्षात ५० भागांची चूक त्यात सहज चालते. ही चूक ५०० हर्ट्झ होते. ढोबळ नियम असा, की गाळणीच्या रुंदीच्या दहाव्या भागाहून, म्हणजे इथे २५० हर्ट्झहून, जास्त फरक नसावा. म्हणून दहा-पंधरा स्फटिक आणून, मोजून, त्यांतले चार निवडावे लागतात. मोजणे, फरक काढणे, गट पाडणे हे सारे प्रयोगशाळेचे काम त्यात आहे. २०१६ मध्ये ‘बिटएक्स ४०’ हा संच जोडलेल्या तयार पट्टीच्या रूपात आला. त्यामुळे अनेकांना कमी खर्चात बोलता आले, याचे मोल आहेच. मात्र शिक्षणाच्या दृष्टीने निवडीचे काम कोणीतरी आधीच उरकून टाकलेले असते. विद्यार्थ्याच्या हाती उरतात ते पेटीत बसवण्याचे स्क्रू.

दुसरा मार्ग जुन्या सामानातून स्फटिक काढण्याचा. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हिंडणाऱ्याला तो सुचतोच. ‘जुन्या फिल्टरमधले क्रिस्टल काढून वापरा’ हा सल्लाही नेहमी कानावर येतो. तो अर्धवट आहे. एक तर साध्या रेडिओतल्या ४५५ किलोहर्ट्झ किंवा १०.७ मेगाहर्ट्झच्या गाळण्या बहुधा सिरॅमिकच्या असतात. त्यांत क्वार्ट्‌झ नसतोच. दुसरे, व्यावसायिक संचांतल्या काही गाळण्यांत एकाच चकतीवर दोन अनुनादक असतात. ते वेगळे करता येत नाहीत. तिसरे, सुटे स्फटिक असलेल्या जुन्या जाळीदार गाळणीत जोडीतल्या दोन स्फटिकांच्या कंपनसंख्या मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्या फरकातूनच तिची रुंदी ठरते. अशा गाळणीतले चार स्फटिक शिडीत बसवले, तर दोन-दोनांच्या जोड्या मिळतील, चार जुळे नव्हेत. चालू स्थितीतली गाळणी फोडणे तर निव्वळ नुकसान. ती अखंड वापरणेच शहाणपणाचे.

खरे भांडार आहे ते मोडीत निघालेल्या पट्ट्यांत. जुन्या संगणकांत १४.३१८ मेगाहर्ट्झचा, तर पाल पद्धतीच्या रंगीत दूरचित्रवाणी संचात ४.४३ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो. एकाच छापाचे डझनभर स्फटिक जमले की निवड सुरू करता येते. पडद्याच्या नळीवर घातक दाबाचा विद्युतभार राहू शकतो, म्हणून अखंड संच वर्गात उघडू नये. सुट्या पट्ट्याच आणाव्यात.

मोजायला वारंवारतामापक हवाच असे नाही. एकेका ट्रान्झिस्टरचे दोन आंदोलक घ्या. एकात संदर्भाचा स्फटिक कायम ठेवा, दुसऱ्यात बाकीचे आळीपाळीने बसवा. एरियल लावू नका, आणि दोन्ही आंदोलक एकमेकांपासून दूर ठेवा, नाहीतर ते एकमेकांना ओढून घेतात. जवळ लघुलहरींचा साधा रेडिओ त्या कंपनसंख्येवर लावला की दोघांतला फरक शिट्टीसारखा ऐकू येतो. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक सुमारे २६२ हर्ट्झची. शिट्टी तिच्याखाली असेल तर स्फटिक ठेवा, वर असेल तर बाजूला काढा. संगीताच्या तासाची पेटी अशी भौतिकशास्त्राच्या तासाला उपयोगी पडते.

इथे एक मेख आहे. शिट्टी फरक सांगते, दिशा नाही. संदर्भापेक्षा २०० हर्ट्झ वर आणि २०० हर्ट्झ खाली असे दोन स्फटिक एकाच सुरात बोलतील, पण त्यांच्यातले अंतर ४०० हर्ट्झ असेल. उपाय सोपा आहे. चाचणीच्या स्फटिकाला समांतर काही पिकोफॅरडचे धारित्र जोडा. त्याची कंपनसंख्या किंचित उतरते. शिट्टी खाली आली तर स्फटिक संदर्भाच्या वर होता, चढली तर खाली. हे मुलांना सांगू नये, त्यांच्याकडून काढून घ्यावे.

प्रेषणासाठी केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो; पण स्फटिक जुळवून साधा ग्राहक करण्यापर्यंत शाळेला पुष्कळ वाव आहे. विज्ञान प्रदर्शनात चालता संच दिसला, की परीक्षकांनी आधी त्याचा आवाज ऐकू नये. चार स्फटिक कशावरून निवडले आणि बाकीचे का टाकले, हे विचारावे. उत्तरादाखल मुलाने आकड्यांची वही पुढे केली, तर बक्षीस त्या वहीला द्यावे.